प्रिटोरियात संसद कधी आली?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला प्रिटोरियावरचा पानभर लेख दोनदा वाचला. एकदा आनंदाने, एकदा संतापाने. मधल्या दोन तासांत काय घडले तेवढे सांगण्यासाठी हे पत्र.

लेखाच्या चौकटीत 'राजधानी : प्रिटोरिया' असे ठळक छापले होते. मी ती चौकट कात्रीने कापली, तिचा फोटो काढला आणि आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्यामागे एक जुने प्रकरण आहे. 1974 साली टेनिसच्या डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत पोहोचलेल्या आपल्या संघाने वर्णभेदाच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळायला नकार दिला, हे अनेकांना आठवत असेल. त्या वर्षी आमच्या स्नेहसंमेलनातल्या प्रश्नमंजूषेत सरांनी विचारले, "ज्या देशाशी आपण खेळलो नाही, त्याची राजधानी कोणती?" मी नववीत होतो. उठून खणखणीत आवाजात म्हणालो, "प्रिटोरिया." सरांनी हातातल्या गाइडात पाहिले, मान हलवली आणि प्रश्न पलीकडच्या बाकाकडे दिला. तिकडून "केप टाउन" असे आले. टाळ्या वाजल्या. हिरोचे फाउंटन पेन त्याच्या खिशात गेले. घरी वडिलांना नकाशा काढून दाखवला, तर ते म्हणाले, "बरोबर आहे तुझे, पण पेन गेले ना?"

तेव्हा पन्नास वर्षांनी तुमची चौकट हाती लागल्यावर माझे काय झाले असेल याची कल्पना करा. पण पेनवाला मित्र हल्ली बोरिवलीला राहतो आणि त्याच्या घरी तुमचाच पेपर येतो. दहा मिनिटांत त्याने त्याच पानावरचा मोठा फोटो पाठवला. टेकडीवरच्या युनियन बिल्डिंग्ज, आणि खाली तुमची ओळ : 'दक्षिण आफ्रिकेचे भव्य संसद भवन'. सोबत त्याचा शेरा : "ज्यांना संसद कुठे आहे ते ठाऊक नाही, त्यांची साक्ष तू काढतोस?" त्याखाली सतरा जणांचे हसरे चेहरे.

संपादक महोदय, ती संसद नाही. तिथे राष्ट्राध्यक्षांचे कार्यालय आहे. 10 मे 1994 रोजी नेल्सन मंडेला यांनी शपथ घेतली ती तिथेच, आणि त्यांचा नऊ मीटर उंच पुतळा उभा आहे तोही तिथेच. संसद बसते केप टाउनला, म्हणजे मुंबईहून दिल्ली जितकी लांब, साधारण तितक्या अंतरावर. या इमारतींचा वास्तुविशारद हर्बर्ट बेकर. दिल्लीचे नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉकही त्याचेच, आणि तिथल्या जुन्या संसद भवनातही ल्युटेन्सबरोबर त्याचा हात होता. पण म्हणून बेकरसाहेबांनी जिथे जिथे खांब उभे केले तिथे तिथे संसद भरते असे नाही.

'प्रशासकीय' हा एक शब्द घातला असता तर सगळे निभावले असते. 1910 मध्ये चार वसाहती एकत्र आल्या तेव्हा राजधानीवरचा हक्क कुणी सोडेना. मग भावकीत होते तशी वाटणी झाली. कारभार प्रिटोरियाला, संसद केप टाउनला, अपिलाचे न्यायालय ब्लूमफॉन्टेनला. नाताळच्या (प्रांत, सण नव्हे) पदरी राजधानीपैकी काहीच पडले नाही. पुढे वर्णभेदी राजवट गेल्यावर घटनात्मक न्यायालय आले, ते या तिन्ही गावांना वगळून जोहान्सबर्गला बसले. हा घोळ मराठी वाचकाला झेपणार नाही असे तुम्हाला का वाटले? दर डिसेंबरात "साहेब नागपूरला गेलेत, फाइलही तिकडेच आहे" हे ऐकून आपण जिना उतरतोच की.

लेखाचा बाकीचा भाग जॅकरंडाच्या झाडांनी खाल्ला आहे. फुले सुंदर असतील, ऑक्टोबरात रस्ते जांभळे होत असतील, मान्य. (विक्रोळीला हायवेच्या कडेची गुलाबी झाडे तुमच्या छायाचित्रकाराला बहुधा ट्रॅफिकमुळे दिसत नाहीत.) पण 'या शहराशी भारतीयांचे जुने नाते आहे' एवढ्या एका ओळीवर आपली बोळवण? 1893 मध्ये गांधीजींना रेल्वेतून उतरवले ते पीटरमारित्झबर्गला, पण ते निघाले होते प्रिटोरियालाच, दादा अब्दुल्ला या व्यापाऱ्याच्या खटल्यासाठी. आणि याच प्रिटोरियात, राष्ट्राध्यक्ष क्रुगरच्या घरासमोरच्या फुटपाथवरून चालताना पहारेकऱ्याने त्यांना लाथ मारून रस्त्यावर ढकलले. ओळखीचे एक गोरे गृहस्थ साक्ष द्यायला तयार होते. तरी गांधीजी कोर्टात गेले नाहीत. स्वतःवरच्या अन्यायासाठी कोर्टाची पायरी चढायची नाही असा त्यांचा नेम होता. माझा तसा काही नेम नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलेच असेल.

फुटपाथचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमच्या गल्लीत फुटपाथवरून ढकलायला पहारेकरी लागत नाही. स्कूटर, कुंड्या आणि एक इस्त्रीचे टेबल पुरते. याबद्दल मी जूनमध्ये तुम्हाला पत्र लिहिले होते. ते छापून आले नाही. असो.

मुख्य म्हणजे मराठी पेपरात प्रिटोरियावर लेख येतो आणि त्यात गोखले नाहीत! 1912 मध्ये नामदार गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले, प्रिटोरियात पंतप्रधान बोथा आणि मंत्री स्मट्स यांना भेटले, आणि करारातून सुटलेल्या हिंदी मजुरांवरचा तीन पौंडांचा कर रद्द होणार असे आश्वासन घेऊन परतले. "आता वर्षभरात हिंदुस्थानात या," असे त्यांनी गांधीजींना सांगितले. गांधीजींना त्या शब्दाची खात्री वाटत नव्हती, आणि तेच खरे ठरले. कर गेला तो 1914 मध्ये, पुन्हा सत्याग्रह झाल्यावर. याच दौऱ्यात जोहान्सबर्गच्या कोकणी मुसलमानांना आणि मूठभर मराठी मंडळींना गोखल्यांचे मराठी ऐकायचे होते. गांधीजी म्हणाले, तुम्ही मराठीत बोला, मी हिंदुस्थानीत सांगतो. तुमचे हिंदुस्थानी किती आहे ते पाहिले, आता मराठीही येते म्हणता, अशी गोखल्यांनी थट्टा केली. पण बोलले मराठीतच, आणि दुभाषी झाले गांधीजी. हे दोन परिच्छेद छापायला जॅकरंडाचे एक झाड कमी केले असते तरी पुरले असते.

तरी विनंती अशी, की चूक दुरुस्त करावी. मात्र ती राशिभविष्याच्या खाली मुंगीएवढ्या टाइपात 'अनवधानाने' म्हणून नको. त्याच पुरवणीत, फोटोएवढ्याच ठळकपणे हवी. 'प्रिटोरिया ही प्रशासकीय राजधानी असून संसद केप टाउन येथे आहे' असे स्वच्छ लिहा. त्यातला एक तृतीयांश फायदा बोरिवलीला जाईल याची मला जाणीव आहे. शाळेच्या मित्रांचा मेळावा येत्या 14 तारखेला आहे, त्याआधीच्या रविवारी छापलेत तर उपकार होतील.

आपला,
एक जुना वाचक
मुलुंड (पूर्व)