पद्मिनी सुरू होत नाही, त्याबद्दल

शनिवार पेठ, सातारा

प्रिय सुध्या,

पत्र बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन केला असता, पण अण्णांचे डोळे अधू झाले तरी कान शाबूत आहेत, आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं तर तू अंगठा दाखवून मोकळा होशील. गणपतीपासून तुला काही कळवलं नाही, त्याच्या शिव्या भेटल्यावर घाल. माझी शुगर काठावर, आईचे गुडघे जैसे थे. झाली तब्येत.

विषय पद्मिनीचा, अण्णांच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा. दिवाळीपासून सुरू होत नाही. चावी फिरवली की नुसतं ‘टक्’. दिवे झकास, हॉर्न असा की समोरच्या काकू खिडकीत येतात, पण सेल्फ, म्हणजे स्टार्टरची मोटर, इंजिन फिरवत नाही. दादा पुण्याहून आला आणि बॉनेट न उघडताच निदान करून टाकलं: बॅटरी. नवी आणली, बसवली. टक्. मग अण्णांच्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं सेल्फ उतरवून नेला, कार्बन बदलले, आर्मेचर साफ केलं, दुकानात बॅटरीला लावून गरगर फिरवून दाखवला. गाडीत बसवला, टक्. दादा म्हणाला, स्क्रॅपला देऊ. १९९२ ची गाडी, २०२७ ला पुन्हा पासिंग, आरटीओत न्यायची कशी, ढकलत?

तू असतास तर काय म्हणाला असतास ते मला माहीत आहे. कार्बोरेटर! तुझी सगळी दुखणी कार्बोरेटरमध्ये. अरे, जिथं इंजिन फिरतच नाही तिथं पेट्रोल येतंय की नाही हा प्रश्नच कुठं येतो? यवतेश्वरच्या घाटात तू चोक ओढून, ॲक्सिलरेटर दाबून दाबून ओव्हरफ्लो केलास, चारी प्लग भिजवलेस आणि वर मलाच सांगितलंस की पॉइंट चिकटलाय. ते भांडण मी अजून मिटवलेलं नाही. मन्या साक्षीला होता, पण मन्या ज्याच्या घरी जेवतो त्याच्या बाजूनं बोलतो.

तर परवाच्या रविवारी, अण्णा दुपारचे आडवे झाल्यावर, मी मीटर घेऊन पडवीत गेलो. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, म्हणजे फुल चार्ज. आईला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि म्हटलं, मी सांगितलं की चावी फिरव. (“ब्रेक कुठला रे?” एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदा त्या बाजूला बसली.) चावी फिरवली तरी व्होल्टेज जेमतेम दोन-तीन दशांश उतरलं. इथंच मला पहिली शंका आली. सेल्फ शंभरावर अँपिअर ओढतो. इंजिन जाम असेल तर आणखी. खरोखर ओढत असता तर काटा दहाकडे झुकला असता, दिवे मंदावले असते. म्हणजे बॅटरी ठणठणीत, सेल्फ ठणठणीत, पण मधली वाट बंद.

तेवढ्यात आई ओरडली, “अरे, हे गरम झालंय!” बघतो तर चोकची घुंडी. हात ठेववेना. आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास.

तुझ्यासारख्या कार्बोरेटरवाल्याला वाटेल, बघ, चोकच निघाला! नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, बॉडीपासून तुटलेलं. बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला. सेल्फमधून गेलेला करंट इंजिनमधून बॉडीत परत येतो तो तांब्याच्या विणलेल्या अर्थ पट्टीतून. ती पट्टी नसली की करंट मिळेल त्या वाटेनं घरी जातो, आणि चोकची केबल कार्बोरेटरपासून डॅशबोर्डपर्यंत अखंड लोखंडी असते. तिच्यातून सेल्फ फिरण्याइतका करंट जात नाही, पण केबल तापण्याइतका जातो. खात्री करायला मीटरची एक वायर इंजिनच्या ब्लॉकला लावली, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि पुन्हा चावी. अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं. आलं दहाच्या वर! मग जंपर केबलनं निगेटिव्ह थेट ब्लॉकला जोडलं. त्याआधी कॉइलची मधली वायर काढून ठेवली, नाहीतर सुरूच झाली असती आणि अण्णा उठले असते. इंजिन असं खणखणीत फिरलं की आईनं चावी सोडून हातच जोडले.

आता खरं सांगायचं ते पुढं आहे.

पट्टी गंजून तुटली असेल असं धरून मी टॉर्च घेऊन खाली वाकलो. पट्टी नव्हतीच. आणि सुध्या, ती तुटलेली नव्हती, काढलेली होती. बोल्टची जागा पॉलिश पेपरनं घासलेली आणि गंज चढू नये म्हणून वर ग्रीसचा हात फिरवलेला. डिकीतली हत्यारांची पेटी उघडली. पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली पट्टी, शेजारी काडेपेटी, काडेपेटीत दोन बोल्ट आणि वायसर, काडेपेटीला रबर.

काडेपेटीला रबर कोण लावतं, हे तुला सांगायला नको. बामणोलीची रात्र आठव. आपण दोघं अंधारात सेल्फ मारून मारून बॅटरी संपवली, आणि सकाळी अण्णांनी चहाच्या कपाशेजारी डिलकोचा रोटर ठेवला, ज्याच्याशिवाय प्लगला ठिणगीच जात नाही. “हे शोधत होता का?” तेव्हाही रोटर काडेपेटीतच होता.

म्हणूनच मागच्या महिन्यात मी म्हटलं, उतारावर ढकलून बघू, तर अण्णा तडकले होते: “ढकलायची नाही, गिअरबॉक्स जाईल!” जन्मभर पोवई नाक्यापासून बोगद्यापर्यंत ढकलत आणलेली गाडी. ढकलली असती तर बहुतेक सुरू झालीच असती, तिथं सेल्फ लागत नाही आणि ठिणगी पाडणाऱ्या कॉइलला तीन-चार अँपिअर पुरतात. आणि मिस्त्रीला पट्टी कशी दिसली नाही म्हणशील, तर तो काम करत होता तेव्हा अण्णा त्याच्याशेजारी स्टूल टाकून बसले होते. पुढचं तू समज.

काचबिंदूचं तुला सांगितलं होतंच. समोरचं दिसतं, बाजूचं गेलंय. दसऱ्याला गाडी आत घेताना फाटकाचा खांब घासला आणि खांबाच्या अलीकडे शेजारच्यांची छकुली उभी होती. तिला काही झालं नाही. कुणी काही बोललं नाही, अण्णाही नाहीत. त्यानंतर गाडी सुरू व्हायची बंद झाली.

तर आता माझी पंचाईत बघ. पट्टी बसवली तर दहा मिनिटांचं काम, पण मग अण्णांना तोंडानं सांगावं लागेल की मी चालवत नाही. ज्या माणसानं मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर हिरवी पट्टी लावून भाजी आणली, त्याला हे म्हणायला लावायचं? नाही बसवली तर दादा स्क्रॅपवाल्याला आणतोच आहे. दादाला खरं सांगितलं तर तो जेवताना सगळ्यांसमोर बोलून दाखवणार. आईला कळलंय का? त्या दिवशी तिनं मला एकही प्रश्न विचारला नाही, आणि आई प्रश्न विचारत नाही म्हणजे काय ते तू जाणतोस.

मी पट्टी होती तशी फडक्यात ठेवून दिली. रबरसुद्धा लावलं. दादाला सांगितलं, पार्ट मिळत नाही, शोधतोय. खरंच वाटलं त्याला. कुर्ल्याचा कारखाना कधीच बंद झाला, तुमच्याकडच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीही २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरल्या, त्यामुळे पद्मिनीच्या बाबतीत ही थाप कुणालाही पटते.

माझं म्हणणं असं की तू पाडव्याला ये. तू म्हणायचं, अण्णा, ठाण्याहून पार्ट आणलाय, बसवतो. मी पाना देईन. तू चालवायचंस, अण्णा शेजारी, कासपर्यंत. तुला ते नाही म्हणत नाहीत, मला म्हणतात. नंतरची चावी कुणाकडे राहायची ते ते दोघं, म्हणजे ते आणि गाडी, ठरवतील. यात काही खोट दिसत असेल तर आत्ताच कळव, पाडव्याला दारात उभा राहून नको.

बाकी तुझं काय? बदली टळली का? मेधाची बारावी कशी गेली? वहिनींची मान उतरली का? सविस्तर भेटल्यावर.

येताना चोकची केबल मात्र खरंच आण. इथं मिळत नाहीये आणि जुनीचं वेष्टण वितळलंय. अण्णांनी विचारलं तर ती तुझ्याच हातून जळली म्हणून सांगू, त्यांचा लगेच विश्वास बसेल.

तुझा,
दिल्या