पीपीएफ मोडू नका

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, "पीपीएफ मोडतो आणि बँकेचं देणं भागवतो" असं तुम्ही फोनवर म्हणालात, तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. सरकारी बचत योजनेत साठवलेली ती पुंजी आहे, ते पैसे काढू नका, एवढंच सांगायला हे पत्र.

माग, शेड, सूत बँकेकडे तारण आहे. कर्ज थकलं, बँक ते विकेल, तो तिचा हक्कच आहे. पीपीएफचं तसं नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० पीपीएफला जप्तीतून वगळतं. कोर्टाचा हुकूमनामा झाला तरी त्या खात्याला हात लागत नाही. उद्या नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज करायची वेळ आली, तरी १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यानुसार जे जप्त होऊ शकत नाही ते धनकोंच्या, म्हणजे ज्यांचं आपण देणं लागतो त्यांच्या, वाटणीतही येत नाही. पण तुम्ही स्वतः पैसे काढून त्याच बँकेच्या बचत खात्यात आणलेत, की बँक ते सरळ थकबाकीत वळते करून घेऊ शकते. बहुतेक सगळे व्याजातच जातील, मुद्दल तिथंच राहील.

"लोकांचं बुडवून स्वतःचं झाकायचं का?" असं तुम्ही विचारलंत. बाबा, यात लबाडी नाही. म्हातारपणी माणूस उघड्यावर पडू नये म्हणून कायद्यानंच ही रेघ आखलीय, आणि कर्ज देताना बँकेला ती माहीत होती. ते पैसे तुम्ही धंदा नीट चालत असताना वर्षानुवर्षं बाजूला टाकलेत. घर माझ्या नावावर करण्याचं मात्र डोक्यातून काढा. धनकोंना चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतर कोर्ट रद्द करू शकतं, आणि तसं घर मला नकोच आहे.

आई, आता तुझं. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी सुरक्षित आहेत. त्या पैशाची एफडी केली तरी संरक्षण जात नाही, असं सुप्रीम कोर्टानं २००८ मध्ये राधेश्याम गुप्ता यांच्या खटल्यात सांगितलंय. पण बँकेचा माणूस जामीनदार म्हणून सही मागेल, किंवा ती एफडी तारण ठेवा म्हणेल. जामीनदारावर कर्जदाराइतकीच जबाबदारी येते, तुझी बाकीची बचतही त्यात जाईल. कितीही गोड बोलला तरी सही करू नकोस.

बँकेशी एकरकमी तडजोडीचं बोलू, पण तारणाची जेवढी किंमत येईल तेवढ्यावरच. शनिवारी मी इचलकरंजीला येते, वकिलांची वेळ घेतलीय. नोटिसा, मंजुरीपत्र, दोघांची पासबुकं काढून ठेवा.

तुमची,
लेक