सेंट वेगळे, क्वार्टर वेगळे: दादांचे जाहीर आभार

आदरणीय दादा,
सप्रेम नमस्कार.

न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या आम्हा मराठी मंडळींना तुम्ही सापडलेली नाणी साफ करायला शिकवलंत. त्यातही एका नियमासाठी तुमचे विशेष आभार: टम्बलरला, म्हणजे नाणी घोळवून साफ करणाऱ्या फिरत्या ड्रमला, हात लावण्याआधी नाणी धातूप्रमाणे निवडून घ्यायची.

सेंट (अमेरिकेचं एक सेंटचं नाणं) आणि क्वार्टर (25 सेंटचं) एकत्र फिरवले की सेंटचं तांबं पाण्यात उतरतं आणि क्वार्टर गुलाबी होऊन बाहेर येतात. मोजणी यंत्र मग ते परतही टाकू शकतं. सेंटमध्येही दोन जाती. 1982 सालात बदल झाला; त्यानंतरचे सेंट आतून जस्ताचे, वर तांब्याचा नुसता मुलामा. खाऱ्या वाळूत ते आधीच कुरतडलेले असतात. त्यांना व्हिनेगर लागलं की जस्त विरघळतं, हायड्रोजन सुटतो आणि ड्रमचं झाकण फुगतं. म्हणून त्यांना फक्त पाणी आणि साबण. 1982चाच सेंट असेल तर वजन करायचं: तांब्याचा 3.11 ग्रॅम, जस्ताचा 2.5.

डाइम (10 सेंटचं नाणं) आणि क्वार्टरसाठी तुम्ही दिलेलं प्रमाण आता आम्हाला पाठ आहे. तीन पौंडी रबरी ड्रमला वाटीभर नाणी, दोन वाट्या फिश टँकची खडी, वर जेमतेम येईल इतकं पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, चमचाभर व्हिनेगर, चमचाभर मीठ. ड्रम अर्ध्याहून जास्त, पण दोन तृतीयांशापर्यंतच भरायचा. गच्च भरला तर आतलं काही हलत नाही, रिकामा राहिला तर नाणी एकमेकांवर आपटतात. अर्ध्या तासाने झाकण उघडून वायू सोडायचा, काळं पाणी बदलायचं. तास-दोन तासांत काम होतं. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, धुऊन, लगेच कोरडं करायचं. दगड घासायची सिलिकॉन कार्बाइडची भुकटी मात्र नाण्यांना कधीच नाही, ती नक्षीच खाते.

आणि कड बघायची सवय! कडेला तांब्याची रेघ नसलेला डाइम किंवा क्वार्टर 1964 किंवा त्याआधीचा, 90 टक्के चांदीचा असू शकतो. तो ड्रममध्ये टाकायचा नाही, साध्या पाण्याने धुऊन बाजूला ठेवायचा. तुम्ही हे वेळेवर सांगितलंत म्हणून कितीतरी जुनी नाणी ओरखड्यांपासून वाचली, दादा. मनापासून धन्यवाद.

तुमचे,
किनाऱ्यावरचे सगळे सोबती