साखर ताटातली नव्हे, पेशीवरची

संपादक महोदय,

अंडाशयाच्या कर्करोगाचा विषय निघाला की ‘साखर कर्करोगाला पोसते’ हे वाक्य मागोमाग येतेच आणि घरचे लोक रुग्णाचे गोड तोडतात. या आजारात साखरेचा मोठा वाटा आहे, पण ती साखर ताटातली नव्हे. पेशी ती स्वतःच्या आत घडवते आणि आपल्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना साखळ्यांच्या रूपात जोडते. गोड पूर्ण सोडले तरी यकृत रक्तातले ग्लुकोज टिकवून धरते, त्यामुळे या साखळ्या बनायच्या थांबत नाहीत. आधीच खंगलेल्या रुग्णाचे वजन मात्र आणखी उतरते.

या साखळ्या काय करतात, हे एमयूसी१६ या प्रथिनावरून नीट कळते. हजारो अमिनो आम्लांचे हे लांबलचक प्रथिन कर्कपेशीवर उभे असते आणि त्यावर साखळ्यांचे दाट आवरण असते. गाठीतून सुटलेल्या पेशी पोटातल्या पाण्यात तरंगतात, पण वाढायला त्यांना कुठेतरी रुजावे लागते. पोटाच्या आतल्या अस्तरावर मेसोथेलिन हे प्रथिन असते. एमयूसी१६ त्याला घट्ट चिकटते, आणि त्या पकडीत साखळ्यांचाच हात असतो. हा कर्करोग पोटाच्या अस्तरावर आणि आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्यावर इतका का पसरतो, याचे एक कारण हेच.

बऱ्याच साखळ्यांच्या टोकाला सायलिक आम्ल ही एक प्रकारची साखर असते. काही प्रतिकारक पेशींवरचा सिग्लेक-९ हा ग्राही ते ओळखतो आणि त्या पेशींचा हल्ला मंदावतो. हे आम्ल चढवणारे एसटी६गॅल-१ विकर वाढले, की प्रयोगशाळेत अंडाशयाच्या कर्कपेशी सिस्प्लाटिन या प्लॅटिनमच्या औषधालाही कमी दाद देतात.

एमयूसी१६चा बाहेरचा भाग तुटून रक्तात येतो. तपासणीच्या अहवालातले सीए-१२५ ते हेच. नेहमीची मर्यादा मिलिलिटरमागे ३५ युनिट. मात्र पहिल्या टप्प्यात हा आकडा साधारण निम्म्याच रुग्णांत वाढतो, म्युसिनस (चिकट स्राव बनवणाऱ्या) प्रकारात पुष्कळदा वाढतच नाही. उलट पाळी, गर्भारपण, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर बाहेर वाढणे), पोटाचा क्षय, यकृताचा सिरोसिस यांत कर्करोग नसतानाही तो चढतो. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. त्रास नसलेल्या स्त्रियांच्या अशा सरसकट चाळणी-तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून काहीही त्रास नसलेल्या स्त्रीच्या ‘संपूर्ण आरोग्य तपासणी’त हा आकडा घालणे आम्हाला चुकीचे वाटते. त्यातून विनाकारण शस्त्रक्रिया होतात. पोट सतत फुगणे, थोडे खाताच पोट भरणे, वारंवार लघवी हा त्रास काही आठवडे टिकला तर मात्र सोनोग्राफीसोबत ही तपासणी अवश्य करावी.

निदान झालेल्यांसाठी तिचा खरा उपयोग पाठपुराव्यात आहे. पहिला नमुना उपचारांआधी घ्यावा. पुढचे सगळे त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने तपासावेत, कारण वेगवेगळ्या तपासणी-संचांतील (किटमधील) प्रतिपिंडे प्रथिनाला सारखी चिकटत नाहीत आणि आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे आकडा तसाही वाढलेला राहतो. त्यावरून आजार उलटला असे समजू नये.

प्लॅटिनमच्या औषधांना आजार दाद देईनासा झाला, तर गाठीच्या तुकड्यावर फोलेट ग्राही अल्फाची तपासणी मागावी. हेही पेशीच्या पृष्ठभागावरचेच प्रथिन. तुकड्याला रंग देऊन पाहिल्यावर किमान ७५ टक्के कर्कपेशींवर ते मध्यम किंवा ठळक रंगले, तर त्याला धरून पेशीत शिरणारे मिरव्हेटक्सिमॅब सोराव्हटान्सिन हे औषध देता येते. या औषधाने डोळ्यांना त्रास होऊ शकतो, तेव्हा सुरू करण्याआधी नेत्रतपासणी झालीच पाहिजे.

आपले,
कर्करोग संशोधनात काम करणारे काही वाचक