आधी गाणं, नाव मागाहून : तबकडीवाल्या काकांना पत्र

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

"तुझा आवडता गायक कोण?" हा प्रश्न कॉलेजच्या मुलांना भर वर्गात विचारू नये, हे तुम्ही शिकवलंत. चारचौघांत शोभेल असं नाव पोरं ठोकून देतात आणि हेडफोनवर भलतंच वाजत असतं. आता आमच्या कॉलेजच्या संगीत मंडळात गाणी ऐकवताना तुमचाच क्रम चालतो : आधी गाणं, मग चिठ्ठी, मग गप्पा, गायकाचं नाव सगळ्यात शेवटी. चिठ्ठीवर एकच ओळ, कुठल्या जागेला कान टवकारले. सरांनी स्वतःची आवड तोवर गिळून बसायचं, नाहीतर सगळ्या माना तिकडेच डोलतात.

आवाजाची पातळी जुळवायचा तुमचा हेका तर लाखमोलाचा. दोन गाण्यांतलं जे जरा मोठ्याने वाजतं, तेच 'भारी' ठरतं. आजचं रॅप मुळातच चढ्या पातळीवर तयार होतं. त्याच्यामागून जुनी ठुमरी लावली की ती बिचारी मुळमुळीत वाटते. म्हणून नव्याचा आवाज उतरवायचा. जुन्याचा चढवला तर खरखरही चढते. आणि मोबाइलच्या स्पीकरवर डग्ग्याची, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या खर्जाच्या वाद्याची, घुमक येतच नाही, नुसती तबल्याच्या कडेची चाट टकटकते. त्यावर ठेक्याबद्दल काय मत देणार?

तुमच्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांनी मोठं काम केलं. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपते, म्हणजे आजच्या गाण्याएवढीच. 'शास्त्रीय म्हणजे तासभर बैठक' ही धास्ती तिथेच मोडते. गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, हे मात्र गप्पा संपल्यावरच सांगायचं, ही तुमची सूचना अगदी नेमकी. आधी सांगितलं की मुलं यानावरच बोलत बसतात, भैरवी राहते बाजूला.

पुढच्या खेपेला तबकड्या लोकलने आणू नका. लाखेची तबकडी दादरच्या गर्दीत एका धक्क्याने तडकेल. टॅक्सी आम्ही पाठवतो. इथे त्या उभ्याच ठेवू, एकावर एक रचणार नाही. ७८ ची सुई वेगळी काढून ठेवली आहे. नंतरच्या एलपी तबकड्यांची बारीक सुई ७८ च्या रुंद खाचेच्या तळाशी घासते आणि गाण्याआधी कचराच ऐकू येतो. खोलीही बदलली, रुळांच्या बाजूची नको. पंखे तेवढे बंद ठेवावे लागतील, तेव्हा सुती सदरा घालून या.

आपले,
संगीत मंडळातील सर्वजण