हॅरॉल्ड कोणता आणि हाराल्ड कोणता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला स्टॅमफर्ड ब्रिजच्या लढाईवरचा लेख आवडला. पण इंग्लंड आणि नॉर्वे या दोन्ही बाजूंचे राजे 'हॅरॉल्ड' छापल्यामुळे 'हॅरॉल्डने हॅरॉल्डचा पराभव केला' या वाक्यापाशी माझा चहा गार झाला. मेला कोण, हे कळायला तीनदा मागे जावे लागले. (मेला तो नॉर्वेचा. २५ सप्टेंबर १०६६.)

नाव मुळात एकच, हे मान्य. नॉर्वे-डेन्मार्ककडच्या जुन्या नॉर्स भाषेत पहिला भाग सैन्याचा, दुसरा सत्ता गाजवणाऱ्याचा. आपल्याकडे सेनापती म्हणावे तसे. इंग्लंडच्या हॅरॉल्डची आई गीथा डॅनिश होती, म्हणजे लेकाला हे नाव आजोळच्या मुलखातले. त्याच्याआधी इंग्लंडच्या गादीवर बसलेला हॅरॉल्ड तर डॅनिश राजा क्नूटचाच मुलगा. या नावाचा एक नातलग आपल्या शेजारीही आहे: 'ओ हेराल्दो' हे १९०० सालापासूनचे पणजीचे वृत्तपत्र. त्या नावातला 'दवंडीवाला' या अर्थाचा शब्दही याच दोन जर्मानिक (नॉर्स ज्या भाषाकुळातली, त्या कुळातल्या) धातूंतून, फ्रेंचमार्गे आल्याचे भाषाशास्त्रज्ञ मानतात. नात्याने चुलत भाऊच.

तिकडे घराण्यात तेच नाव पुन्हा ठेवायची रीत, त्यामुळे टोपणनावांवाचून गत्यंतर नसे. आपण नाही का थोरले माधवराव आणि सवाई माधवराव म्हणत? नॉर्वेचा पहिला राजा मानला जातो तो 'सुंदर केसांचा' हाराल्ड. स्टॅमफर्ड ब्रिजला पडलेला तो 'कठोर' हाराल्ड, तरुणपणी कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाच्या पदरी शिपाईगिरी करून आलेला. आणि दहाव्या शतकातला डेन्मार्कचा 'ब्लूटूथ', म्हणजे निळदात्या हाराल्ड. त्याने आईबापांच्या स्मरणार्थ येलिंगला मोठी शिळा उभारली आणि सगळा डेन्मार्क आपण जिंकल्याचे तिच्यावर कोरून घेतले. वेगवेगळी यंत्रे जोडणाऱ्या तंत्राला १९९०च्या दशकात याच राजाचे नाव मिळाले. तुमच्या-आमच्या फोनवरची ती खूण म्हणजे त्याच्या नावाची आद्याक्षरे, 'ह' आणि 'ब' या दोन रूनी, म्हणजे तिकडच्या जुन्या लिपीतल्या, अक्षरांची जोडाजोड. माझा नातू ती खूण दिवसातून दहा वेळा दाबतो. राजाचे सांगितले तर म्हणाला, 'आजोबा, काहीही!'

आणखी एक गंमत. १९९१ साली नॉर्वेच्या गादीवर आलेल्या पाचव्या हाराल्ड यांच्या पत्नी सोन्या या राजघराण्यातल्या नव्हत्या. माहेरचे आडनाव हाराल्डसेन, म्हणजे 'हाराल्डचा मुलगा'!

तेव्हा विनंती एवढीच, की नॉर्वे-डेन्मार्कच्या राजांना 'हाराल्ड' आणि इंग्लंडच्या राजांना 'हॅरॉल्ड' असे छापावे. उच्चाराच्याही ते जवळ जाते. पुढच्या रविवारी हेस्टिंग्जची लढाई येणार असे लिहिले आहे. तिथे एकच हॅरॉल्ड आहे, त्यामुळे अडचण येऊ नये.

आपला,
एक जुना वर्गणीदार, चिपळूण