भाड्याने दिलेल्या फ्लॅटच्या सुरक्षिततेबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती,
सहकारी गृहनिर्माण संस्था, पुणे

विषय : भाड्याचे फ्लॅट, वॉचमनकडच्या किल्ल्या, गॅस गिझर आणि 'बॅचलर नकोत' हा ठराव

स. न. वि. वि.

नोटीस बोर्डावरची सूचना वाचली. बॅचलर भाडेकरू ठेवू नयेत असा ठराव पुढच्या सभेत येणार आहे आणि कारण सुरक्षिततेचं दिलं आहे. मी बी विंगमध्ये राहते, सी विंगमधला फ्लॅट भाड्याने देते. निवृत्तीनंतर माझा घरखर्च त्या भाड्यावर चालतो, त्यामुळे घरात कोण येतं याची काळजी मलाही आहे. तरीही माझा या ठरावाला विरोध आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमावलीप्रमाणे) फ्लॅट भाड्याने द्यायला समितीची परवानगी लागत नाही, आधी कळवावं लागतं, हा एक भाग झाला. पण खरं सांगायचं तर भाडेकरूचं लग्न झालंय की नाही याने आपल्या इमारतीतले धोके तसूभरही कमी होणार नाहीत.

वॉचमनच्या केबिनमध्ये टेबलामागे खिळे ठोकलेली एक फळी आहे, ती कृपया स्वतः जाऊन पाहा. बंद फ्लॅटच्या किल्ल्या तिथे लटकलेल्या असतात. प्रत्येकीला पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर स्केचपेनने विंग आणि फ्लॅट नंबर. एजंट येतो, नंबर सांगतो, किल्ली घेऊन वर जातो. रजिस्टरमध्ये सही झाली तर झाली. पार्सल ठेवायला आलेल्या कुणालाही कुठली घरं रिकामी आहेत ते त्या फळीवर वाचता येतं, आणि नक्कल किल्ली तर कोपऱ्यावरच करून मिळते. यातले बरेच मालक परगावी किंवा परदेशात आहेत. ही फळी आजच्या आज काढावी. किल्ल्या ऑफिसच्या कपाटात कुलपात ठेवाव्यात, त्यांवर नंबराऐवजी खूण असावी, खुणांची यादी सेक्रेटरींकडे असावी. मालकाचा फोन आल्याशिवाय कुणालाही किल्ली देऊ नये.

याहून मोठी काळजी गॅस गिझरची आहे. गेल्या थंडीत मी माझ्या फ्लॅटमध्ये गेले तेव्हा बाथरूमच्या खिडकीच्या काचपट्ट्या भाडेकरू मुलांनी थर्माकोल आणि ब्राउन टेप लावून गच्च बंद केल्या होत्या. गार वारा आत येत होता म्हणून. गिझर गॅसचा आणि बाथरूमच्या आतच बसवलेला! बंद जागेत गॅस जळत राहिला की हवेतला ऑक्सिजन कमी होतो, ज्वलन अपुरं होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. अंघोळ करणाऱ्याला आधी चक्कर येते, मग दारापर्यंत जाण्याचंही त्राण राहत नाही. अशा मृत्यूंच्या बातम्या आपण दर थंडीत वाचतो. त्या मुलांना याची काहीच कल्पना नव्हती. मी गिझर बाहेर ड्राय बाल्कनीत हलवून घेतला, फक्त गरम पाण्याची पाइप आत आणली. प्लंबरचं काम अर्ध्या दिवसात उरकलं. पण असे किती गिझर आपल्या इमारतीत बाथरूमच्या आत आहेत, याची नोंद ना समितीकडे आहे ना मालकांकडे. मालक स्वतः राहतात ती घरंही मी यात धरते आहे.

फायर सिस्टिम चालू स्थितीत असल्याच्या 'फॉर्म बी' प्रमाणपत्रासाठी जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीची माणसं येतातच. त्याच आठवड्यात एक इलेक्ट्रिशियन आणि एक गॅस मेकॅनिक यांना भाड्याच्या प्रत्येक फ्लॅटमध्ये पाठवावं, अशी माझी विनंती आहे. ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) बसवलेला आहे का आणि त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर त्याचा खटका खाली पडतो का, शेगडीच्या नळीला पाच वर्षं उलटून गेली का, गिझर कुठे आहे, एवढंच पाहायचं. भाडेकरू स्वतःचा एसी आणि इंडक्शन आणतात आणि जुन्या वायरिंगवर लावतात, त्यामुळे हे मालकालाही कळायला हवं. माझ्या फ्लॅटचा खर्च मी देईन. बाकीच्या मालकांना हा भार वाटला, तर फ्लॅट भाड्याने देणारे आपण सगळे त्यासाठी संस्थेला सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क भरतोच, त्यातून करावं.

घर दाखवायला एकट्याने जाणाऱ्या मालकांचाही विचार व्हावा. आपल्याकडे त्यात ज्येष्ठ नागरिक, विशेषतः बायका जास्त आहेत. अनोळखी माणूस फ्लॅट पाहायला येणार असेल तेव्हा गेटवर त्याचं ओळखपत्र बघून नोंद व्हावी आणि सांगितलं तर वॉचमनने सोबत वर यावं.

फोनवरच्या फसवणुकीचंही तसंच. आपल्या विंगमधल्या एका आजींना मागे फोन आला होता. मी लष्करात आहे, पुण्याला बदली झाली आहे, घर न बघताच पूर्ण डिपॉझिट देतो म्हणाला. वर्दीतला फोटो पाठवला, मग पैसे मिळण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका म्हणाला. शेजारणीने वेळीच फोन काढून घेतला म्हणून निभावलं. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही आणि फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करायचा, हे नोटीस बोर्डावर ठळक अक्षरांत लावावं.

कागदपत्रांबाबत समितीने कडक राहावं, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. काही मालक पैसे वाचवायला करार नोंदवत नाहीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी ही मालकाची जबाबदारी आहे. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, म्हणजे उद्या वाद झाला तर मालकाच्या हातात काहीच उरत नाही. नोंदणीकृत करार असेल आणि मुदत संपूनही माणूस घर सोडत नसेल, तर कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि भाड्याच्या दुप्पट भरपाई मागता येते. म्हणून नोंदणीकृत कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची पोच पाहिल्याशिवाय सामान वर नेऊ देऊ नये. हा नियम कुटुंबांना आणि बॅचलरना सारखाच लावावा.

थंडी सुरू झाली आहे, त्यामुळे गिझरची पाहणी सभेची वाट न पाहता सुरू करावी. ठराव सभेपुढे आला तर मी त्याविरुद्ध मत देईन आणि वरच्या मागण्या लेखी मांडेन. पाहणीच्या वेळी सी विंगमध्ये मी स्वतः मेकॅनिकबरोबर फिरायला तयार आहे, तारीख कळवावी.

आपली विश्वासू,
बी विंगमधील एक सभासद